किटली रिकामी जाऊ नये

माझी नात केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा ठाण्याहून फोन आला. म्हणाली, आजी, लिक्विड मेम्ब्रेन म्हणजे काय ते तुला येतं ना, बाबा सांगत होता. मी म्हटलं, येतं की, मी प्यायले आहे ते. आजीचं वय झालं, असं तिला वाटलं असावं. म्हणून हे लिहून काढते आहे. या गोष्टीत जिची चूक नव्हती ती बाई कधीच गेली, आणि जिची होती ती अजून दरवर्षी लोणची घालते आहे.

तेव्हा मी सदतीस-अडतीस वर्षांची होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, आणि मालकांच्या परवानगीने त्याच टेबलावर पीएचडी. पर्समध्ये लिटमसचे कागद ठेवून हिंडायचे. शेजारच्या बायका जिन्यात बसून मेथी निवडायच्या, आणि मी त्यांच्यामधून वाट काढत अशी जायचे, की जशी मी एकटीच निसर्गाची गुपितं निवडायला निघाले आहे. आज ती केमिस्ट बाई मला जिन्यात भेटली तर मी तिला बसवून मेथीची एक जुडी हातात देईन.

विषय होता निवळीतलं आम्ल. श्रीखंडासाठी चक्का टांगतात, तेव्हा फडक्याखाली जे आंबूस, हिरवट पाणी गळतं, ती निवळी. कल्याणच्या एका डेअरीतून ती पिंपांनी नाल्यात जायची आणि नाला आधीच आमच्या कारखान्यांनी रंगीत करून ठेवलेला. त्या पाण्यात लॅक्टिक आम्ल असतं, कामाचं असतं, पण फार थोडं. भरपूर पाण्यात हरवलेलं. पाणी आटवून ते मिळवायचं म्हटलं तर आटवणाराच आटेल. म्हणून पातळ पडद्याची युक्ती.

ती सोपी आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी शुद्ध केलेल्या रॉकेलमध्ये ओतायचं, मधासारखा एक चिकट पदार्थ घालायचा आणि मिक्सरला लाज वाटेल इतक्या जोरात घुसळायचं. सगळं दुधासारखं पांढरं होतं. आता रॉकेलच्या पोटात सोड्याचे बारीक बारीक थेंब बसलेले असतात. हे पांढरं प्रकरण निवळीत सोडून हळूहळू ढवळत राहायचं. मधलं रॉकेल हाच पडदा. त्यात माशासारखा वास येणारं आणखी एक रसायन असतं. ते बाहेरचं आम्ल उचलतं, पडद्यातून पलीकडे नेतं आणि आतल्या सोड्याच्या हवाली करतं. सोड्याशी मिळालं की आम्लाचा क्षार होतो आणि मग त्याला परत येता येत नाही. सासरी गेलेल्या मुलीसारखं, असं मी एका सेमिनारमध्ये म्हणाले होते आणि लोक हसले होते. स्वतः सासूच्या जिवावर पीएचडी करत होते, तरी हे म्हणताना जीभ अडखळली नाही.

सासूच्या जिवावर म्हणजे अगदी शब्दशः. मुलगी चौथीत होती, मुलगा पहिलीत. हे नोकरीला ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. सहा वर्षं सकाळची वेणीफणी, डबे, शाळेची ने-आण, दुपारचा अभ्यास, तापातल्या रात्रींची जागरणं, सगळं आईंनी केलं. त्या मूळच्या चिपळूणच्या, चौथी शिकलेल्या. माझ्या कामाला त्या ‘तुझं ते आंबट पाणी’ म्हणत. पण शेजारणींना सांगताना आवाज बदलायचा. आमची सून डॉक्टर होते आहे, पण सुईवाली नव्हे हो, असं त्या सांगत.

तिसरी आणि शेवटची मुदतवाढ मिळाली होती. वर्षअखेरीला नोंदणी संपणार आणि त्याच महिन्यात माझे सर, म्हणजे माझे गाइड, निवृत्त होणार. तोवर प्रबंध गेला नाही, तर सहा वर्षं नाल्यात. माझी आणि आईंचीही.

पण मला काळजी नव्हती. कारण माझे शनिवार फार सुंदर येत होते.

शनिवारची ही भानगड नीट सांगायला हवी. डेअरीची निवळी मला आठवड्यातून एकदाच मिळायची, गुरुवारी सकाळी, त्यांच्याच एका स्टीलच्या किटलीत. गुरुवारचा दिवस ती तापवण्यात, गाळण्यात आणि तिच्यात आम्ल किती आहे ते मोजण्यात जायचा. शुक्रवारी आमची एमआयडीसी बंद. मालकांना आगीची भीती, त्यामुळे गुरुवारी जाताना ते मेन स्विच पाडून कुलूप लावायचे, म्हणजे प्रयोगशाळेतला फ्रिजही बंद. निवळी नासू नये म्हणून मी गाळलेली किटली गुरुवारी संध्याकाळी घरी आणायची, आमच्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि शनिवारी सकाळी परत न्यायची. शनिवारी पडद्याचा प्रयोग. रविवार ते बुधवार मी बाटलीतलं विकतचं आम्ल साध्या पाण्यात मिसळून तेच प्रयोग करायचे, तुलनेसाठी.

तुलना अशी यायची, की विकतच्या आम्लावर पडदा रडतखडत चालायचा, निम्मंशिम्मं आम्ल उचलायचा आणि दमायचा. आणि शनिवारी खऱ्या निवळीवर तोच पडदा जवळजवळ सगळं आम्ल उचलून न्यायचा. ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडताना पाचदहा थेंबांतच गुलाबी रंग टिकायचा, म्हणजे बाहेर आम्ल उरलेलंच नाही. मी हरखून जायचे.

हरखलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही. मी सिद्धान्त मांडला, की गाळल्यावरही निवळीत थोडी प्रथिनं उरतात आणि ती पडद्याला बळ देतात. दोन वर्षांचे शनिवार मी या सिद्धान्ताभोवती रचले. त्यावर एक निबंध वाचला, त्यात ते सासरचं वाक्य. आणि एवढ्यावर थांबेन तर मी कसली. मी शनिवारचा उपास सुरू केला. होय, विज्ञानाची बाई. प्रयोगाच्या दिवशी पोटात साबुदाणा आणि मारुतीला रुईची माळ. कोणी विचारलं तर वजन कमी करते आहे, असं सांगायचे. आणि फडके रोडच्या पेंटरकडून दारावरची पाटी करून आणली होती, नावाआधी ‘डॉ.’ असलेली. अजून आहे ती. उलटी करून लोणच्याच्या बरणीवर ठेवते, मापात बसते.

गणपती गेल्यावर सर एकदा प्रयोगशाळेत आले. पांढरा हाफ शर्ट, हातात छत्री, बोलणं मोजकं. त्यांनी वही चाळली, आलेख पाहिले आणि शनिवारच्या एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “बाई, आत किती सापडलं?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, सर, बाहेर नाही, म्हणजे आत आहे.

“चोर घरात नाही म्हणजे तो तुरुंगात आहे, असं होत नाही,” सर म्हणाले. “आतलं फोडून मोजा. मगच मी सही करीन.”

आतलं मोजायचं मी दोन वर्षं टाळलं होतं, कारण ते पांढरं इमल्शन घुसळायला जितकं सोपं तितकं फोडायला अवघड. गरम पाण्यात तासन्‌तास ठेवावं लागतं, मग रॉकेल वर येतं आणि तरीही मध्ये एक हट्टी साय उरते. आळस हा शब्द मी वहीत कधीच वापरला नाही. मी लिहिलं होतं, ‘उणे करून काढलेली किंमत पुरेशी आहे.’

पुढच्या शनिवारचं इमल्शन मी फोडलं. आतलं आम्ल मोजलं. बाहेरून जेवढं नाहीसं झालं होतं, त्याच्या जेमतेम निम्मं आत होतं.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा फोडलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. दर वेळी तेच. बाहेर नाही, आतही नाही. दर शनिवारी माझं जवळजवळ अर्धं आम्ल या पृथ्वीवरून नाहीसं होत होतं.

मग सुरू झाला तो शोध. त्याची आठवण झाली की आज हसू येतं, पण तेव्हा माझी झोप उडाली होती. मी रॉकेलमध्ये आम्ल शोधलं. मधली ती साय खरवडून तिच्यात शोधलं. काचेला चिकटत असेल म्हणून भांडी धुतलेलं पाणी मोजलं. ढवळायच्या पात्याचं रबर बदललं. हवेत उडत असेल म्हणून भांड्यावर झाकण ठेवलं. लॅक्टिक आम्ल असं उडत नाही हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं, तरी ठेवलं. गाळणकागद जाळून त्याची राख तपासली. मुलाच्या वाढदिवसाला मी घरी नव्हते, राख तपासत होते. आईंनी शिरा केला, त्याच्या मित्रांना वाढला आणि माझ्यासाठी वाटीभर झाकून ठेवला. तो मी दुसऱ्या दिवशी उभ्याउभ्या खाल्ला आणि गोड झालाय का असं त्यांनी विचारलं तेव्हा, मी रॉकेलचा विचार करत होते, म्हटलं, थोडं वर तरंगतंय.

दिवाळी आली आणि गेली. मी फराळाचं काही केलं नाही. आईंनी सगळं एकटीने केलं, आणि त्यांचा गुडघा धरला. एकदा मोरीत कपडे भिजवायला गेले आणि तिथेच पाटावर बसून रडले, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पाणी एक वेळ येण्याचे दिवस होते. आईंनी दारावर टकटक केली आणि एवढंच म्हणाल्या, की अगं, बादली भरली असेल तर नळ बंद कर, रड हवं तेवढं.

सर फोनवर विचारायचे, आत सापडलं का. मी म्हणायचे, शोधते आहे. एकदा ते म्हणाले, प्रथिनांचा तुमचा सगळा सिद्धान्त त्या अर्ध्यावर उभा आहे, बाई. मला ते माहीत होतं. दोन वर्षांचे सगळे चांगले आकडे शनिवारचे होते. शनिवार काढून घेतला तर माझ्याकडे रडतखडत चालणारा एक पडदा उरत होता, आणि तसा पडदा माझ्याआधी अनेकांनी केलेला होता.

डिसेंबर उजाडायला दोन दिवस उरले असतील. तो शनिवार मी विसरणार नाही. प्रयोगशाळेत मी एकटीच होते, बाकीचे जेवायला बाहेर गेले होते. मला उपास. फळीवर विकतच्या लॅक्टिक आम्लाची तपकिरी बाटली होती, रविवारच्या प्रयोगांची. मी ती उघडली. फोडलेल्या इमल्शनच्या पाण्यात तिच्यातले थोडेसे थेंब घातले, की आतला आकडा बाहेरच्याशी जुळणार होता. सर येऊन स्वतः मोजतील तरी जुळणार होता. आईंचा गुडघा, मुलाचा वाढदिवस, दारावरची पाटी, सगळं त्या थेंबांत बसत होतं. मी पिपेट भरली. माझा हात एकदाही मागे आला नाही, हे मला आजही खटकतं.

पण मी पडले व्यवस्थित बाई. किती थेंब घालायचे हे अंदाजाने कसं ठरवणार? जास्त पडलं तर पकडली जाईन. त्यासाठी आज किटलीत मुळात किती आम्ल आहे ते अचूक हवं. वहीत गुरुवारची नोंद होती. नेहमी मी तीच धरत असे. पण निवळी फ्रिजमध्येही किंचित आंबत जाते, तेव्हा गुरुवारपेक्षा आज थोडं जास्तच असणार. लबाडी करायची तर नीट करावी म्हणून मी दोन वर्षांत पहिल्यांदाच शनिवारी सकाळची निवळी मोजायला घेतली, पडद्याला अजून न दाखवलेली, किटलीतली, कोरी.

ब्युरेटचा नळ सोडला आणि गुलाबी रंग फार लवकर आला.

मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. गुरुवारच्या जवळजवळ निम्मं. पडदा नाही, रॉकेल नाही, सोडा नाही. माझ्या घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या टोपल्याशेजारी, दोन दिवस नुसतं बसून निवळीतलं अर्धं आम्ल आपोआप वेगळं झालं होतं.

मी पिपेट हातात धरून उभी होते. आणि तोंडाला आदल्या दिवशीच्या कढीची चव आली.

दर शुक्रवारी आमच्याकडे कढी-खिचडी असायची. फार छान असायची ती, पातळसर, आल्याची, वर तुपाची फोडणी. ताक कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. दही आमच्याकडे मुलांच्या डब्यालाच संपायचं.

पिपेटमधलं आम्ल मी बेसिनमध्ये सोडून दिलं. मालकांच्या माणसाला सांगितलं डोकं दुखतंय, आणि रिक्षा मिळायची वाट न पाहता चालत निघाले. चालताना माझी वही माझ्या डोक्यात पान पान उलटत होती. मे महिन्यात आई मुलांना घेऊन चिपळूणला जायच्या. मे महिन्याचे शनिवार वाईट यायचे. मी त्याला ‘तापमानाचा परिणाम’ असं नाव देऊन त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. संकष्टी शुक्रवारी आली की उपास, कढी नाही, आणि शनिवार पडलेला. तिथे मी लिहिलं होतं ‘प्रायोगिक त्रुटी’. पाहुणे आले की शनिवार विशेष उत्तम. ते, मी ठरवलं होतं, डेअरीत नवीन विरजण वापरल्यामुळे. जगात इतक्या काटेकोरपणे कोणी कढीचा अभ्यास केला नसेल.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर बसून, दुखरा पाय लांब करून, वाटाणे सोलत होत्या. मला अवेळी पाहून त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला. मी विचारलं, आई, माझ्या किटलीतली निवळी तुम्ही घेता का?

“घेते की,” त्या म्हणाल्या. “एवढं चांगलं पाणी, तू ते रॉकेलात घालून फुकट घालवतेस. कढी मस्त होते त्याची. तूच तर दोनदा मागून घेतेस.”

“आणि मग किटली?”

“ती भरून ठेवते हो, पाण्याने. अगदी गळ्यापर्यंत. दुसऱ्याचं भांडं घरातून रिकामं जाऊ नये, एवढं मला कळतं.” मग त्यांनी जरा आवाज खाली आणला, गुपित सांगावं तसा. “शिवाय तूच म्हणतेस ना सगळ्यांना, की जितकं पाणी पातळ, तितकं काम अवघड. म्हटलं, तेवढीच तुझी शाबासकी मोठी.”

मी चालत येताना सगळं बोलून ठेवलं होतं. दोन वर्षं, आई. तुम्ही दोन वर्षं. वाक्य जिभेच्या टोकाशी होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा सोलणारे हात थांबले.

“का गं? चुकलं का माझं काही?”

त्या हातांची नखं हळदीने पिवळी होती. सहा वर्षं माझ्या मुलांच्या वेण्या, बटणं, ताप, नाकं त्याच हातांनी. आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हतीच. किटली घरातून परत आल्यावर पुन्हा मोजायची, हे शाळेतल्या पोराला कळतं. चौथी शिकलेल्या बाईने भांडं भरलं. एमएस्सी झालेल्या बाईने ते न मोजता वहीत उतरवलं आणि वर रुईची माळ घातली.

“नाही, चुकलं कुठे,” मी म्हटलं. “पुढच्या शुक्रवारी ताकाची करा फक्त. निवळी जरा कमी पडते.”

“मग आधी नाही का सांगायचंस, अगं वेडे,” म्हणत त्या उठल्या आणि कालची उरलेली वाटीभर कढी गरम करून माझ्यापुढे ठेवली. उपास म्हणून मी नको म्हणाले नाही. प्यायले. उत्तम होती.

सोमवारी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, पिपेटसुद्धा. पिपेट सांगायची काही गरज नव्हती. कढीचं ऐकताना त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण ते हसले नाहीत. मग म्हणाले, वाईट निकाल असला तरी प्रबंध होतो, खोटा असला तर होत नाही. आता किती शनिवार उरलेत? चार होते. ते म्हणाले, करून बघा.

केले. घरी किटली नेलीच नाही; मालकांच्या हातापाया पडून मेन स्विच चालू ठेवायला लावला. रोज सकाळी, रोज संध्याकाळी मोजलं. खऱ्या निवळीने खरा स्वभाव दाखवला. प्रथिनं पडद्याला बळ देत नव्हती, ती त्याला फाडत होती. पांढरे थेंब पाणी पिऊन फुगायचे आणि वीस मिनिटांत फुटायचे, आत जमलेला क्षार पुन्हा निवळीत. मी चिकट पदार्थ वाढवला, तर पडदा टिकला पण आम्ल पलीकडे जाईना. कमी केला, तर फुटला. ढवळणं मंद केलं, जलद केलं. जेवण विसरले, उपास आपोआप झाला, या वेळी मारुतीशिवाय. चौथ्या शनिवारी पडदा चांगला पाऊण तास टिकला. आत मोजलं, बाहेर मोजलं, बेरीज पहिल्यांदाच जुळली. पडद्याने निम्म्याहून थोडं कमी आम्ल उचललं होतं. ते खरं होतं आणि ते एकच होतं. एका खऱ्या आकड्यावर प्रबंध उभा राहत नाही.

वर्ष संपलं. नोंदणी संपली. सर निवृत्त झाले. नव्याने नाव नोंदवायचं तर पुन्हा पहिल्यापासून, दुसरा गाइड, दुसरा विषय. आईंचा गुडघा तोवर जिना चढू देत नव्हता. मी परत नोंदवलं नाही.

घरी मी काय सांगितलं? सांगितलं, सर निवृत्त झाले म्हणून राहिलं. आई ऐकत होत्या, मग एवढंच म्हणाल्या, “मेल्याला सहा महिने थांबता आलं नाही?” तेव्हापासून त्या गेल्या तोवर आमच्या घरात त्या बिचाऱ्या माणसाचा उद्धार व्हायचा. चांगलं काही बिघडलं, दूध नासलं, लग्न मोडलं, की तुझ्या त्या सरांसारखं. मी कधी सुधारलं नाही. सरांना एकदा ठाण्याला भेटले होते, त्यांना मी हे सांगितलं. म्हणाले, राहू द्या, निवृत्त माणसाला कोणीतरी आठवण काढणारं हवंच.

डेअरीची किटली मात्र परत द्यायची होती. जानेवारीतल्या एका गुरुवारी मी ती घासून कोरडी केली आणि दाराशी चपला घालत होते. आई लंगडत आतून आल्या, झाकण काढलं आणि आत साखरेची पुडी टाकली.

“झालं का गं तुझं ते, वेगळं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

“सगळं?”

“निम्मं.”

“निम्मंही पुष्कळ झालं,” त्या म्हणाल्या आणि झाकण दाबून बसवलं.

कल्याणला डेअरीवाल्याने किटली उघडून आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्याकडे रिकामी देत नाहीत. त्याने साखर काढून फळीवर ठेवली, किटली कोपऱ्यातल्या रांगेत ठेवली आणि विचारलं, पुढच्या गुरुवारी येणार ना? मागे फडक्यातून निवळी पिंपात पडत होती, थेंब थेंब. मी नाही म्हणाले. रिक्षास्टँडपर्यंत चालत आले तेव्हा लक्षात आलं, की मी सवयीने डाव्या बाजूला कलून चालते आहे, उजव्या हातात किटली नसताना.